पाय कुठे असतात

विद्याधरने आलेखाच्या कागदावर स्वयंपाकघर काढलं.
एक चौकोन म्हणजे सहा इंच.
फ्रिज, सिंक, शेगडीचे चार डोळे,
आणि छतात बसवायचे सहा दिवे:
सहा गोल, दोन ओळी, तीन-तीन,
कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे.
"बघ, सगळीकडे सारखा उजेड."
बघितलं. सारखा होता.

ईरीत नोव्हेंबरात पाचाच्या आत दिवस मिटतो,
सरोवरावरून आलेले ढग मार्चपर्यंत मुक्कामाला.
एकोणीस वर्षं मी इथे रांधलं ते
मधोमध लटकणाऱ्या एका काचेच्या वाडग्याखाली
(तळाशी मेलेले किडे, मोहरी सांडल्यासारखे).
दिवा पाठीशी, ओटा पुढ्यात.
कांदा चिरला तो माझ्याच सावलीत,
डाळीतले खडे वेचले तेही.
बोट कापलं की नावं सुरीला ठेवायची.

स्टॅन कोवाल्चिक आला, सत्तरीचा,
शिडीच्या आधी त्याचे गुडघे वाजतात.
कागद बघून त्याने बाजूला ठेवला.
"तुम्ही उभ्या कुठे राहता?"
"स्वयंपाकघरात."
"ते कळलं. पाय कुठे असतात?"

आणि निळ्या चिकटपट्टीचं एक रीळ ठेवून गेला.
शनिवारपर्यंत, जिथे थांबाल तिथे एक तुकडा.

पहिल्या दिवशी अवघडले,
फोटो काढणाऱ्यापुढे हात कुठे ठेवावेत कळत नाही, तसं.
मग विसरले. तुकडे पडत गेले.
कणकेचा, सिंकपासून दीड वीत डावीकडे.
फोडणीचा, तिथून अर्धं पाऊल मागे.
औषधांच्या डब्याशी एक; हल्ली बाटल्यांवरची अक्षरं
फारच बारीक छापतात.
विद्याधरचे दोन: एक फ्रिजसमोर,
दुसराही फ्रिजसमोर, रात्री अकराचा.

दुकानात उजेडालाही आकडे असतात.
सत्तावीसशे म्हणजे तूप, पाच हजार म्हणजे दवाखाना.
मी पर्समधून हळदीची पुडी काढली,
एकेका दिव्याखाली धरली.
एकीकडे ती राख झाली, एकीकडे शेंदूर.
तिसऱ्याखाली हळद हळद राहिली.
"हा," म्हटलं. विक्रेता पोरगा
पुडीकडे बघत जरा मागे सरकला.

शनिवारी फरशीवर ओळ अशी नव्हतीच,
भातुकली अर्धी टाकून पोरं जेवायला पळाल्यासारखी.
विद्याधरने चष्मा पुसला.
स्टॅनने छतावर ठोकून तुळया शोधल्या, सोळा-सोळा इंचांवर,
आणि फोडणीचा दिवा नेमका तुळईखाली आला.
"ही काही हलायची नाही. तुम्ही हलाल, चार इंच?"
म्हटलं, बघते.
आम्ही याहून लांब हललोय.

मग मागच्या दारालगतच्या खिडकीशी तो थांबला.
"हा तुकडा कशाचा?"
इथे शेगडी नाही, सिंक नाही, डबेसुद्धा नाहीत.
भांडी झाली की मी इथे उभी असते.
काही करत नाही.
गॅरेजचं छप्पर, मेपल, त्यावरचं बर्फ.
हे सगळं इंग्रजीत सांगायला मला जमलं नाही,
एवढंच म्हणाले, इथे दिवा लावला
तर काचेत मीच दिसेन.

विद्याधर काही बोलला नाही.
खिशातला खोडरबर काढून त्याने
सहावा गोल घासला. कागद तिथे लवदार झाला.
स्टॅनने हिशोबातून एकशे चाळीस डॉलर वजा केले.

मंगळवारी दिवे लागले. कांदा घेतला,
पाटावर सावली नाही.
जराशी चुकल्यासारखी झाले, मागे वळून पाहिलं:
फ्रिजच्या दारावर होती, निमूट.

बाकीच्या पट्ट्या निघाल्या, खिडकीपाशीची राहिलीय.
फरशी पुसताना तिची कड उचकटते,
मी पायाने दाबून बसवते.